चिरागनगर ते कान्हेरी

उपनगरात राहणाऱ्या माणसाला सहल म्हटले की जुहू चौपाटी आठवते, नाहीतर एलिफंटा. आमच्या घाटकोपरच्या वस्तीतील बुद्ध विहारात दोन लोखंडी कपाटांचे एक लहानसे वाचनालय आहे. कचेरीतून सुटल्यावर त्याचे काम मी पाहतो. गेल्या हिवाळ्यात तिथल्या मुलांनी सहलीचा हट्ट धरला. मी म्हटले, जाऊ या, पण एक अट. वाटेत जिथे जिथे थांबू, तिथे एका पुस्तकाविषयी बोलायचे. एक मुलगा लगेच म्हणाला, "सर, मग ही सहल कसली, शाळाच की!" तरीही रविवारी सकाळी सातला मुले, दोन-तीन आया, माझी पत्नी आणि बारावीला असलेली माझी मुलगी अशी बावीस माणसे डबे घेऊन हजर झाली.

पहिला मुक्काम घरापासून हाकेच्या अंतरावर होता. घाटकोपर पश्चिमेचे चिरागनगर. या वस्तीतल्या झोपडीत अण्णाभाऊ साठे अनेक वर्षे राहिले. वाटेगावाहून वडिलांबरोबर पायी मुंबईला आलेला हा माणूस. शाळा जेमतेम दीड दिवसाची. दुकानांच्या पाट्या, भिंतीवरच्या जाहिराती वाचत तो अक्षरे शिकला आणि पुढे तीसहून अधिक कादंबऱ्या लिहून गेला. १९५९ साली प्रसिद्ध झालेली 'फकिरा' ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. मातंग समाजात जन्मलेल्या, लाल बावट्याखाली गाणाऱ्या या शाहिराने लेखणीचे नाते असे उघडपणे सांगितले. मी मुलांना म्हटले, आपण कोण हे आपला दाखला सांगतो, हे खरे. पण आपण कोणाचे हे पुष्कळदा आपण वाचलेली पुस्तके सांगतात.

तेथून घाटकोपरहून मेट्रो धरली. ही मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. त्याआधी घाटकोपरहून अंधेरीला जायचे म्हणजे साकीनाक्याच्या गर्दीत बसमध्ये तासभर उभे राहायचे. आता असल्फ्याच्या डोंगरावरची घरे खिडकीतून मागे पडतात न पडतात तोच अंधेरी येते. या गाडीत मी मुलांना बाबुराव बागुलांची गोष्ट सांगितली. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा त्यांचा कथासंग्रह १९६३ साली आला. त्यातील शीर्षककथेतील तरुणाला रेल्वेत नोकरी लागते. परक्या गावी खोली मिळावी म्हणून तो जात सांगत नाही. कामावरचे सोबती त्याला मान देतात, घरी ठेवून घेतात. जात कळते तेव्हा तीच माणसे त्याला मारतात. त्याच कारखान्यात काशीनाथ नावाचा दुसरा एक कामगार आहे. तो काही लपवत नाही, म्हणून त्याला रोज त्रास होतो. शेवटी मार खाणाऱ्याला सोडवायला धावतो तो काशीनाथच.

मुलांपैकी एकाने विचारले, "सर, तुम्ही कधी चोरली होती?"

डब्यात माझी पत्नी होती, मुलगी होती. खोटे बोलता आले असते. पण बोललो नाही.

बी.कॉम. झाल्यावर मी एका खासगी कचेरीत कारकून म्हणून लागलो. पहिल्याच आठवड्यात एका ज्येष्ठ सहकाऱ्याने आडनाव ऐकून विचारले, "म्हणजे तुम्ही नक्की कुठले?" मी गावाचे नाव सांगितले, तालुका सांगितला, जिल्हाही सांगितला. त्यांना जे हवे होते ते सांगितले नाही. पुढे तीन वर्षे ६ डिसेंबरला मी रजेचा अर्ज देत असे आणि कारण लिहीत असे, प्रकृती अस्वास्थ्य. चैत्यभूमीच्या रांगेत निळा झेंडा घेऊन उभा असलेला मी कचेरीच्या कागदावर तापाने आजारी असे. दुसऱ्या दिवशी कुणी विचारले, आता बरे आहे का, तर हो म्हणत असे. बाबासाहेबांना अभिवादन करण्याचा मला आजार झाला होता, असे त्या अर्जावरून कुणालाही वाटले असते!

बागुलांची कथा वाचली आणि त्या वर्षी मी अर्जावर लिहिले, चैत्यभूमी येथे अभिवादनासाठी. साहेबांनी मान वर न करता सही केली. आकाश काही कोसळले नाही. मात्र ते ज्येष्ठ सहकारी माझ्याबरोबर डबा खाईनासे झाले. ते आजही आठवले की लागते. पण त्याच संध्याकाळी आमचा शिपाई टेबलाजवळ आला, इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "साहेब, जयभीम." तोही आमच्याच समाजाचा. त्याचेही तेच चालले होते. तीन वर्षे एकाच खोलीत आम्ही दोघे एकमेकांपासून लपत होतो. पुस्तकाने मला बढती दिली नाही, पण एक माणूस मिळवून दिला.

अंधेरीला पश्चिम रेल्वेच्या फलाटावर आलो तर रविवारचा ब्लॉक. बोरिवली गाडीची वाट पाहत बाकड्यावर बसलो. माझी कबुली ऐकून मुले गप्प झाली होती. तेव्हा माझ्या मुलीने बॅगेतून एक पातळ पुस्तक काढले. बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. तिने त्यातील बडोद्याचा प्रसंग सर्वांना सांगितला. परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब १९१७ साली बडोदे संस्थानात नोकरीला गेले. राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव नोंदवून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दारात उभी राहिली आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. "म्हणजे पप्पा, नाव लपवायची वेळ त्यांच्यावरही आली होती," ती म्हणाली. "पण त्यांनी ते स्वतःच लिहून ठेवलं."

मला हे नव्याने कळले. लाज वाटण्यासारखी गोष्ट स्वतःच्या हाताने लिहून ठेवली की ती लाज आपली उरत नाही, काठ्या घेऊन आलेल्यांची होते.

मी त्यात भर घातली. पुढच्याच वर्षी, १९१८ साली, ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. आम्हा कॉमर्सवाल्यांचे हे मोठे नावाजलेले कॉलेज. तिथे काही प्राध्यापकांनी आक्षेप घेतला की प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातील पाणी यांनी पिऊ नये. विद्यार्थी त्यांचे व्याख्यान मन लावून ऐकत आणि बरोबरीचे लोक पाण्याच्या भांड्याकडे लक्ष ठेवत.

यावर मुलीने सहज विचारले, "पप्पा, तुमच्या ऑफिसात झाडायला येतात त्या बाईंचं नाव काय?"

मला नाव माहीत नव्हते. ती बाई कंत्राटावर पाच वर्षे येत आहे. मी तिला "अहो बाई" म्हणतो, घाईत असलो की नुसते "ए". आणखी एक आठवले. चहाच्या खोलीत आमचे कप एका फळीवर असतात आणि तिचा स्टीलचा पेला खिडकीच्या कठड्यावर वेगळा असतो. तो तिथे कुणी ठेवला ते मला माहीत नाही. पाच वर्षे मी तो पाहत होतो आणि ती मांडणी मला कधी खटकली नव्हती. तेवढ्यात गाडी आली. बरे झाले. मुलीच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

बोरिवलीला उतरून राष्ट्रीय उद्यानाच्या बसने कान्हेरीला पोहोचेपर्यंत ऊन चढले होते. शंभराहून अधिक लेण्यांचा हा डोंगर आपल्या कुटुंबांना नवा नाही. बुद्धपौर्णिमेला आपण येतो, चैत्यगृहात त्रिसरण पंचशील म्हणतो, फोटो काढतो आणि परततो. भिंतीवरची अक्षरे मात्र वाचत नाही. ती ब्राह्मीत आहेत. पण अभ्यासकांनी ती वाचून ठेवली आहेत. त्यांत व्यापारी आहेत, भिक्षुणी आहेत, उपासिका आहेत. कल्याणच्या एका सोनाराने इथे पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. कल्याणच्याच एका लोहाराने वाट बांधून दिली आहे. दात्याचे नाव, त्याचे गाव, त्याचा धंदा आणि त्याचे दान. त्या काळी सगळे समान होते असे मी म्हणणार नाही. चार ओळींच्या लेखावरून एवढे मोठे विधान करू नये. पण घण मारणाऱ्या माणसाचा धंदा इथे त्याच्या नावाला लागून, मानाने कोरलेला आहे, एवढे मात्र दिसते.

दरबार लेणे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अकरा क्रमांकाच्या लेण्याशी आम्ही डबे सोडले. या लेण्यात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातील शके ७७५ चा, म्हणजे इसवी सन ८५३ चा लेख आहे. त्यात दिलेल्या दानांमध्ये विहाराच्या डागडुजीसाठी रक्कम आहे आणि पुस्तके विकत घेण्यासाठीही रक्कम आहे. हे ऐकून आमच्या वाचनालयाची वर्गणी गोळा करणारा मुलगा उठून उभा राहिला. "सर, म्हणजे बोरिवलीत साडेअकराशे वर्षांपूर्वी पुस्तकांची वर्गणी होती! आणि आपल्या वस्तीत महिन्याला वीस रुपये मागितले तर लोक दार लावून घेतात." सगळे हसले. दोन आयांनी मात्र तिथेच पदराची गाठ सोडून वीस-वीस रुपये काढून दिले.

परतताना पत्नी म्हणाली, "अहो, पुस्तक वाचून माणूस लगेच बदलतो असं नाही." ते खरेच आहे. बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. दीक्षाभूमीचा दिवस उजाडला तो १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मध्ये एकोणपन्नास वर्षे गेली. मग आमच्यासारख्या कारकुनाला बागुलांचे पुस्तक अर्धेच समजावे यात नवल नाही. माझ्यावर होणारा अन्याय मला त्यातून दिसला. माझ्याकडून होणारा दिसला नाही. तो दाखवायला दुसरे पुस्तक लागले, आणि मुलीचा प्रश्न लागला.

सोमवारी कचेरीत त्या बाईंना थांबवून नाव विचारले. त्यांनी झाडू खाली ठेवला नाही. म्हणाल्या, "पाच वर्षं कुणी विचारलं नाही. आज काय झालं साहेब? काही चोरीबिरी झाली का?" माझी मान खाली गेली. मी म्हटले, नाही, माझीच चूक झाली. त्यांनी नाव सांगितले. ते इथे लिहीत नाही. त्यांच्या परवानगीशिवाय ते छापायचे म्हणजे पुन्हा तीच चूक.

त्यांचा पेला मी कठड्यावरून काढून आमच्या कपांच्या शेजारी फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी तो परत कठड्यावर गेला होता. मी पुन्हा फळीवर ठेवला. असे चार दिवस चालले. कोण उचलतो हे मी विचारले नाही. पाचव्या दिवशी शिपाई म्हणाला, "साहेब, तुम्ही रोज एकटे कशाला?" त्याने तो पेला पिशवीत टाकला आणि घरून एक कप आणून फळीवर ठेवला, आमच्या कपांसारखाच. बाई आता त्यातून चहा घेतात. माझ्याशी अजून त्या मोजकेच बोलतात. ते बरोबरच आहे. पाच वर्षांचा हिशेब एका कपात फिटत नाही, हे बी.कॉम. झालेल्या माणसाला तरी कळायला हवे.

बागुलांचे ते पुस्तक सध्या आमच्या कपाटात नाही. रजिस्टरमध्ये ते शिपायाच्या नावावर गेले आहे. मुदत होऊन पंधरा दिवस झाले. दंड मी मागणार नाही.