ओल्या लाकडाचा वाडगा

इंग्लंडच्या बर्कशायर परगण्यात बकलबरी कॉमन नावाचं रान आहे. तिथल्या एका खोपटात जॉर्ज लेली एल्मच्या लाकडाचे वाडगे कातत असत. जन्म 1869 चा, मृत्यू 1958 चा. आजोबा कातारी, वडील कातारी आणि त्यांच्या पाठोपाठ लेलीही. एवढ्या दीर्घ आयुष्यात त्यांच्या देशात मोटारी आल्या, घरोघरी वीज आली, दोन महायुद्धं होऊन गेली. लेलींचा लेथ मात्र पायावरच चालत राहिला.

या लेथची रचना साधी आहे. डोक्यावर एक लवचीक लाकडी दांडा. त्याच्या टोकाची दोरी खाली येते, ठोकळ्यात ठोकलेल्या रुळाला वेढे घेते आणि पायाखालच्या पट्टीला बांधलेली असते. पाय दाबला की ठोकळा कातणाऱ्याच्या दिशेनं फिरतो. पाय उचलला की वाकलेला दांडा दोरी परत ओढतो आणि ठोकळा उलटा फिरतो. हत्यार कापतं ते फक्त पाय खाली जाताना. पाय वर येताना ते किंचित मागे घ्यायचं आणि पुन्हा टेकवायचं. निम्मा वेळ असा कापण्याविना जातो. तेवढ्यात डोळा पुढच्या कापाची जागा हेरून ठेवतो.

एका पायात जोर तो किती असणार! म्हणूनच लाकूड ओलं हवं. नुकत्याच पाडलेल्या झाडात पाणी भरपूर असतं. काही जातींत तर ते निव्वळ कोरड्या लाकडाच्या वजनाइतकं किंवा त्याहूनही जास्त भरतं. त्या ओलीनं तंतू मऊ राहतात. धारदार पातं लागलं की लांबच लांब सालपटं निघतात, अंगावर पाण्याचे बारीक तुषार येतात आणि धूळ उडत नाही. तेच लाकूड वाळलं की पायाच्या जोराला दाद देत नाही.

ओलं लाकूड वाटही फार बघत नाही. ओंडका तसाच पडून राहिला तर टोकांकडून पाणी आधी उडतं आणि टोकं तडकू लागतात. त्यामुळे झाड आलं की कातारी कामाला लागतो. वाडग्याच्या व्यासाहून थोडा जास्त लांबीचा तुकडा काढायचा, तो गाभ्यातून उभा चिरायचा आणि मधला गाभा काढून टाकायचा. गाभा भांड्यात राहिला तर भोवतीची वलयं आकसताना त्याच्यापाशी हटकून चीर पडते. मग कुऱ्हाडीनं कोपरे उडवून ठोकळा गोलसर करायचा आणि लेथवर चढवायचा.

बाहेरचा आकार कातून झाला की खरं कसब आतल्या बाजूला लागतं. पोकळ कापायला सरळ पटाशी चालत नाही. लांब दांड्याची, टोकाला आकड्यासारखी वळलेली पाती लागतात. पातं कडेकडून वळत वळत तळाकडे जातं. मध्ये रुळाला धरून ठेवणारा लाकडाचा एक खुंट उरतो. तो शेवटी तोडून काढायचा. लेलींच्या घराण्याची ख्याती इथेच होती. वळणदार पात्यांनी ते एकाच ठोकळ्यातून एकात एक बसणारे वाडगे सोडवत. मोठ्या वाडग्याच्या पोटातलं लाकूड ढलप्यांत न घालवता त्यातून धाकटा वाडगा निघे. पातं लाकडाच्या आत, नजरेआड चालत असतं. बाहेरची भिंत किती जाड उरली हे आवाजावरून आणि हाताला लागणाऱ्या थरथरीवरून ओळखावं लागतं.

लेथवरून उतरलेला वाडगा गोल असतो, पण पुढचं काम लाकूड स्वतः करतं. आधी पेशींच्या पोकळीतलं मोकळं पाणी जातं. त्यानं आकार बदलत नाही. ओल साधारण 30 टक्क्यांखाली उतरली की पेशींच्या भिंतींतलं पाणी निघू लागतं आणि लाकूड आकसतं. तेही सगळीकडे सारखं नाही. तंतूंच्या लांबीत ते जवळजवळ आकसतच नाही. वलयांच्या दिशेनं मात्र गाभ्याकडून सालीकडच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट आकसतं. एक फुटाचा वाडगा आडव्या अंगानं सेंटिमीटरभर, कधी त्याहून जास्त अरुंद होतो आणि त्याचं तोंड लांबट होतं. विजेच्या लेथवर काम करणारे बरेच जण म्हणून वाडगा आधी जाड कातून ठेवतात, भिंत व्यासाच्या सुमारे एक दशांश. काही महिन्यांनी तो वाळला की पुन्हा चढवून गोल करतात. पायाच्या लेथवरचे कारागीर मात्र बहुधा एकदाच, बारीक भिंतीचा वाडगा कातून तो हळूहळू वाळू देतात. त्याचा लांबटपणा त्यांनी आधीच धरलेला असतो.

लेलींचं लाकूड एल्मचं. त्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे ते सहजी फाटत नाही. म्हणूनच इंग्लंडमध्ये गाडीच्या चाकांचे तुंबे, खुर्च्यांच्या बैठका आणि जमिनीखालचे पाण्याचे नळसुद्धा एल्मचे करत.

एके काळी असे वाडगे सगळ्यांच्याच हाती असत. यॉर्कच्या कॉपरगेट भागातल्या उत्खननात व्हायकिंग काळातल्या कातकामाचे अवशेष मिळाले, तोडून टाकलेले ते मधले खुंटही मिळाले. 1545 साली बुडालेल्या आणि 1982 मध्ये वर काढलेल्या ‘मेरी रोझ’ या युद्धनौकेवर खलाशांच्या लाकडी थाळ्या आणि वाडगे सापडले. पुढे मातीची झिलईदार भांडी स्वस्त झाली, मग पत्र्याची आली. महाराष्ट्रात काथवटीची जागा परातीनं घेतली तसंच तिथेही घडलं. लेखक एच. व्ही. मॉर्टन यांनी 1927 च्या आपल्या प्रवासपुस्तकात लेलींची भेट लिहिली, तेव्हाच हा धंदा विरळा होऊन बसला होता.

लेलींच्या मागे तो चालवणारं कुणी नव्हतं. त्यांचा लेथ आणि हत्यारं रेडिंगमधल्या ‘म्युझियम ऑफ इंग्लिश रूरल लाइफ’ या संग्रहालयात गेली. वस्तू नीट जपल्या गेल्या. पण पातं कोणत्या कोनात टेकवायचं, पायाची लय केव्हा बदलायची, हे एका हातातून दुसऱ्या हातात द्यायचं शिक्षण 1958 साली तुटलं.

ते पुन्हा जोडायला बराच काळ जावा लागला. ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेसाठी जंगलात काम केलेल्या रॉबिन वुड यांनी लेलींचा लेथ संग्रहालयात पाहिला आणि त्यावरून ही विद्या नव्यानं शिकायला घेतली. शिकवायला गुरू नव्हता. जुनी हत्यारं आणि जुने वाडगे, एवढंच समोर होतं. आकड्यासारखी पाती बाजारात मिळत नव्हती, म्हणून ती स्वतः भट्टीत तापवून घडवली. चुकत, घासत, पुन्हा धार लावत ते पायाच्या लेथवर पोट भरणारे कातारी झाले आणि 2005 मध्ये त्यांनी लाकडी वाडग्याच्या इतिहासावर पुस्तक लिहिलं. जिवंत माणसाकडून आठवड्यात कळलं असतं ते निर्जीव लोखंडाकडून काढून घ्यायला वर्षं लागतात, म्हणून वुड यांच्या या कामाचं मोल मोठं. पुढे ‘हेरिटेज क्राफ्ट्स असोसिएशन’ उभी करण्यातही त्यांचा पुढाकार होता.

लेलींचं झाड मात्र त्यांना फारसं मिळालं नाही. 1960 च्या दशकाच्या अखेरीस एल्मवर बुरशीचा रोग पसरला. साल पोखरणारे भुंगेरे तो झाडोझाडी नेत होते. पुढच्या काही दशकांत ब्रिटनमधली अडीच कोटींहून जास्त झाडं गेली. आता पायाचा लेथ चालवणारे ब्रिटनमधले कारागीर सिकमोर, बर्च, अल्डर अशी लाकडं घेतात. प्रत्येकाची ओल वेगळी, आकसणं वेगळं, पात्याला मिळणारी दादही वेगळी. त्यामुळे एल्मवर बसलेले अंदाज प्रत्येक नव्या ओंडक्यावर पुन्हा तपासून घ्यावे लागतात. ते अंदाज आज वुड यांच्याकडून शिकलेले लोकही आपापल्या हातांनी बसवत आहेत आणि पुढच्यांना शिकवत आहेत.