शब्द येतो म्हणजे काय येतं?

जीआरई द्यायची म्हणजे बॅरन्सचं जाडजूड पुस्तक आणायचं आणि त्यातली साडेतीन हजार इंग्रजी शब्दांची यादी घोकायची, हा अमेरिकेला शिकायला निघालेल्या पुण्या-मुंबईच्या इंजिनीअरांचा शिरस्ताच होता. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत अशी एखादी प्रत हाती लागली, की तिची पानंच सगळं सांगतात. ‘ए’च्या शब्दांखाली पेन्सिलीच्या रेघा, समासात बारीक अक्षरात मराठी अर्थ. ‘एम’पाशी रेघा विरळ होतात. ‘एस’नंतरची पानं कोरी करकरीत.

दोष मुलांचा नव्हता, परीक्षाच तशी होती. २०११ पर्यंत जीआरईत एक सुटा शब्द समोर यायचा आणि पाच पर्यायांतून त्याचा विरुद्धार्थी शब्द निवडायचा. मागेपुढे वाक्य नाही, प्रसंग नाही. ‘लॅकॉनिक’च्या उलट ‘व्हर्बोज’ एवढं ठाऊक असलं की गुण पदरात. मग एखाद्या मितभाषी माणसावर इंग्रजीत चार ओळी लिहिता येवोत न येवोत.

शब्दांच्या जोड्यांचे प्रश्न तर याहून अन्यायाचे. अमेरिकेत कॉलेजप्रवेशासाठी सॅट घेतात, तिच्यातला एक प्रश्न पुढे फार गाजला. धावपटूचं मॅरेथॉनशी जे नातं, तसं नातं असलेली जोडी निवडायची होती. उत्तर होतं वल्हेकरी आणि ‘रेगाटा’, म्हणजे होड्यांची शर्यत. टीकाकारांनी विचारलं, हा खेळ श्रीमंतांचा. गरीब वस्तीतल्या मुलाच्या कानावर हा शब्द पडणार कधी? आक्षेप रास्त होता. आपल्याकडे तर त्याला आणखी एक पदर आहे. सांगलीला कृष्णेत होड्यांच्या शर्यती होतात, काठावर ही गर्दी लोटते. तिथल्या पोराने शर्यत डोळ्यांनी पाहिलेली असते, नातं ओळखण्याची अक्कलही त्याच्यापाशी असते. तरी ‘रेगाटा’पाशी अडला की त्याचा प्रश्न गेलाच. अशा प्रश्नातून मुलाच्या तर्काइतकीच त्याच्या घरची परिस्थितीही तपासली जाते, हे मान्य व्हायला बराच काळ लागला. सॅटने जोड्या २००५ मध्ये काढून टाकल्या. जीआरईने ऑगस्ट २०११ मध्ये जोड्या आणि विरुद्धार्थी, दोन्हींना रजा दिली.

आता शब्द वाक्यातच विचारतात. एका प्रकारात एक रिकामी जागा असते, खाली सहा शब्द. त्यांतले दोन असे शोधायचे, की दोन्हींनी वाक्याचा अर्थ एकच निघावा. एक बरोबर, एक चूक, तर गुण शून्य. समजा, वाक्य असं आहे: पत्रकारांनी तासभर प्रश्न विचारले, पण मंत्र्यांची उत्तरं इतकी अमुक होती, की बातमीला एक ओळही मिळाली नाही. इथे ‘टर्स’ बसतो, ‘लॅकॉनिक’ बसतो. ‘इव्हेझिव्ह’ही झकास बसतो, पण उत्तरं त्रोटक असणं वेगळं आणि टाळाटाळीची असणं वेगळं. सहा शब्दांत त्याचा जोडीदार नसेल तर तो बाद. ही पारख यादी घोकून येत नाही, आणि म्हणूनच हा बदल योग्य होता. खेदाची गोष्ट अशी, की परीक्षा बदलली तरी क्लासांतल्या याद्या काही सुटलेल्या नाहीत.

किती शब्द येतात हे मोजण्याचा एक प्रामाणिक मार्ग न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी २००७ मध्ये डेव्हिड बेग्लर यांच्यासोबत काढला. वापराच्या क्रमाने लावलेल्या चौदा हजार शब्दकुळांतून (मूळ शब्द आणि त्यापासून बनलेली रूपं मिळून एक कुळ), दर हजारातले दहा, असे १४० शब्द. प्रत्येक शब्द छोट्या वाक्यात, खाली चार अर्थ. बरोबर उत्तरांना शंभरने गुणलं की अंदाज मिळतो. वाचताना अर्थ ओळखता येतो का, एवढंच त्यातून कळतं. तो शब्द बोलण्यात किंवा लिहिण्यात येतो का, हे तिथे तपासलंच जात नाही.

याच नेशन यांच्या हिशेबाने इंग्रजी कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीवाचून वाचायला आठ-नऊ हजार शब्दकुळं लागतात. ज्यांना स्वतःला तपासायचं आहे, त्यांनी यादी बाजूला ठेवावी. एखादा इंग्रजी अग्रलेख घ्यावा, अडेल त्या शब्दाखाली रेघ मारावी, अर्थ आधी वाक्यावरून ताडावा आणि मगच कोश उघडावा. आणि दुसऱ्या दिवशी पुढचा अग्रलेख घ्यावा.