बंद दारामागचा उन्हाळा

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात एका लग्नासाठी मी दोन दिवस पुण्यास गेले होते. नागपुरातील आमचे घर चौथ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर आहे. आई त्या वेळी शहाऐंशी वर्षांची होती. कूलरची टाकी भरून, माठात वाळा टाकून आणि फ्रीजमध्ये पन्हे करून ठेवून मी निघाले. शेजाऱ्यांना जरा लक्ष ठेवायला सांगावे असे मनात होते, पण आई म्हणाली, "कशाला कुणाला त्रास? मी काय कुक्कुलं बाळ आहे?" मीही तो विषय सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वीज गेली. चोराचिलटाच्या भीतीने दारे-खिडक्या लावून आई पडून राहिली. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींना मी दोन दिवस सुटी दिली होती, मात्र त्या आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावरही काम करतात. आजींना सहज बघून यावे म्हणून भर दुपारी त्या जिने चढून वर आल्या. दुधाची पिशवी कडीला तशीच लटकलेली होती. दार वाजवूनही आतून उत्तर येईना, तेव्हा त्यांनी आपल्याजवळच्या किल्लीने दार उघडले. आईचे अंग तव्यासारखे तापले होते, त्वचा कोरडी पडली होती आणि मावशींना ती आपल्या दिवंगत बहिणीच्या नावाने हाक मारीत होती. मावशींनी तिच्या अंगावर ओली चादर घातली, वर्तमानपत्राने वारा घातला, ओरडून शेजारी गोळा केले आणि १०८ वर फोन करविला. आई वाचली. पाच दिवसांनी ती घरी आली.

मला अपराधी वाटले हे खरेच. परंतु त्याहून अधिक लाज वाटली, कारण हाच विषय मी महाविद्यालयात अनेक वर्षे समाजशास्त्राच्या वर्गात शिकविला होता.

जुलै १९९५ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात उष्णतेची लाट आली. १३ जुलैला पारा ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचला. नागपूरकरांना हा आकडा ऐकून हसू येईल. पण त्या आठवड्यात शिकागोत नेहमीपेक्षा सुमारे ७३९ माणसे अधिक दगावली. शवागार अपुरे पडले आणि मृतदेह शीतवाहनांत ठेवावे लागले. पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अभ्यासाने मृतांची परिस्थिती तपासली. अंथरुणाला खिळलेले, रोज घराबाहेर न पडणारे, एकटे राहणारे आणि इमारतीच्या वरच्या मजल्यावर राहणारे यांना धोका कितीतरी जास्त होता. ज्यांच्याकडे येणारे-जाणारे होते, ते तुलनेने बचावले होते.

एरिक क्लायनेनबर्ग हे मूळचे शिकागोचेच समाजशास्त्रज्ञ. त्यांनी या घटनेचे 'सामाजिक शवविच्छेदन' केले आणि २००२ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशन विभागाने त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या दोन लगतच्या वस्त्यांची तुलना आहे. दोन्हीकडे एकट्या राहणाऱ्या गरीब वृद्धांची संख्या मोठी आणि दोन्हीकडे ऊन सारखेच. तरीही पहिल्या वस्तीतील मृत्युदर दुसरीच्या जवळपास दहापट होता. पहिलीतून कारखाने आणि दुकाने निघून गेली होती, घरे ओस पडली होती, गुन्हेगारीच्या भयाने म्हातारी माणसे दारे लावून आत बसत. दुसरीचा रस्ता दिवसभर गजबजलेला असे; तेथील वृद्धांना भाजी आणायला बाहेर पडावेसे वाटे आणि एखादा दिसला नाही तर कुणाच्या तरी ते लक्षात येई. आणखी एक नोंद मला नेहमी अस्वस्थ करी. एकट्या राहणाऱ्या वृद्धांत स्त्रिया अधिक होत्या, पण ज्यांच्या मृतदेहाला वारससुद्धा सापडला नाही अशांत पुरुषच बहुसंख्य होते. नाती जोडून ठेवण्याची सवय पुरुषांना कमी, एवढाच त्याचा अर्थ मी वर्गात सांगत असे. "कशाला कुणाला त्रास" म्हणणारी माझी स्वतःची आई मात्र माझ्या ध्यानात आली नाही.

आपल्याकडचा दाखलाही दूरचा नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात तेथे नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे संशोधकांनी पुढे दाखवून दिले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्मा कृती आराखडा अमलात आणला.

रुग्णालयात डॉक्टरांनी प्रथम आईच्या गोळ्या विचारल्या. वयोमानाने घाम कमी येतो, तहान लागल्याचे कळतच नाही. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी असली की शरीरातील पाणी आणखी घटते. मनाच्या आजारावरील काही औषधेही घाम रोखतात. गोळी आपल्या मनाने बंद करू नये, पण उन्हाळा लागण्यापूर्वी एकदा डॉक्टरांना सर्व औषधे दाखवावीत. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारात पाण्यावर बंधन असते, तेव्हा किती पाणी द्यायचे तेही विचारून घ्यावे. हवा चाळीस अंशांवर गेली की पंख्याचा वारा कोरडे अंग गार करण्याऐवजी तापवतो, हे मला ठाऊक नव्हते. तापलेला माणूस असंबद्ध बोलू लागला तर त्याच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. अंग ओले करून वारा घालावा आणि तातडीने रुग्णालय गाठावे. मावशींनी नेमके हेच केले होते, कोणताही ग्रंथ न वाचता.

आई घरी आल्यावर मी प्रथमच मावशींच्या वस्तीत गेले. तिथे दारे उघडी होती आणि लिंबाच्या झाडाखाली बायका बसल्या होत्या. शिकागोच्या अभ्यासाप्रमाणे ही सुरक्षित वस्ती ठरावी. पण मावशींचे घर पत्र्याचे. त्यांच्या सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई दुपारी आत बसूच शकत नाहीत आणि बाहेर लिंबाची सावली सर्वांना पुरत नाही. सिमेंटचे रस्ते रात्रीही उष्णता ओकतात, त्यामुळे झोप नाही. आमच्याकडे कूलर आहे पण माणसे नाहीत. त्यांच्याकडे माणसे आहेत, छप्पर नाही. अमेरिकेतला निष्कर्ष येथे जसाच्या तसा लावता येत नाही, हे मला त्या पत्र्याखाली दहा मिनिटे बसल्यावर कळले.

आणखीही एक गोष्ट कळली. मावशी आमच्याकडे दुपारी एक वाजता येत, कारण आमची जेवणे साडेबाराला आटोपतात. त्या वेळेला त्या दोन किलोमीटर पायी चालत. ती वेळ मीच ठरविलेली होती आणि नवतपातही ती बदलावी असे मला बारा वर्षांत कधी सुचले नव्हते.

आता त्या सकाळी सातला येतात. भांडी रात्रीची आणि दुपारची, दुसऱ्या दिवशी घासली जातात. आईला ते आवडत नाही, पण ती बोलत नाही. शेजारच्या सूनबाई दुपारी तीनला दार वाजवून जातात. मावशींच्या पत्र्यावर मागच्या वर्षी आम्ही पांढरा चुना मारून घेतला. दुपारी थोडा फरक पडतो असे त्या म्हणतात.

सासूबाईंना मी सुचविले होते की कडक उन्हाच्या दिवसांत दुपारी आमच्या हॉलमध्ये येऊन पडावे. एक दिवस त्या आल्या. सोफ्याच्या अगदी कडेला पदर सावरून बसल्या, आईने दिलेले पन्हे प्यायल्या आणि चार वाजता उठल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. मावशी म्हणाल्या, "लोकाच्या घरी अंग टाकायला लाजते ती, ताई." यंदा मे लागण्याआधी आई स्वतः त्यांना बोलवायला जाणार आहे. जिना उतरण्याचा सराव तिने सुरू केला आहे.