दोष हाताचा कीं पाण्याचा?

आमच्या मातुश्रींचें माहेर तंजावरचें. व्यंकोजीराजांच्या काळापासून कावेरीकाठीं स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांपैकीं तें एक. पुण्यास सासरीं येतांना त्यांनीं दोन गोष्टी बरोबर आणल्या : एक दाक्षिणात्य वळणाची मराठी आणि दुसरी पितळेचा कॉफीचा फिल्टर. पहिलीची आम्हां मुलांनीं पुष्कळ थट्टा केली. दुसरीपुढें मात्र सारें कुटुंब पन्नास वर्षें नतमस्तक होतें. पहांटे डिकॉक्शनचा वास माजघरांत दरवळला, कीं चहाचे कट्टर अभिमानीहि मुकाट्यानें पेला पुढें करीत.

चार वर्षांपूर्वीं पेठेंतला वाडा सुटला व आम्ही सर्व मंडळी शहराबाहेरच्या नव्या इमारतींत राहावयास आलों. तेथें बोअरचें पाणी येई. पहिल्याच दिवशीं मातुश्री म्हणाल्या, “अरे, हें पाणी कॉफीचें नव्हे.” आम्ही हंसलों. कॉफी मात्र खरोखरच सपक होऊं लागली. भांड्यांवर पांढरे थर चढूं लागले, म्हणून आम्हीं आर. ओ. यंत्र बसविलें. पाणी गोडें झालें, भांडीं स्वच्छ राहूं लागलीं. पण कॉफी आतां पातळ व आंबूस लागूं लागली. पूड नेहमींच्या दुकानची, दूध तेंच, पाणी तर शुद्ध. मग उरलें काय? एके दिवशीं आम्हीच बोलून गेलों, “आई, आतां तुझें वय झालें. सूनबाईला करूं दे.”

त्या कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं फिल्टर घांसूनपुसून सूनबाईंच्या हातीं दिला आणि स्वतः कॉफी घेणेंच सोडलें.

सूनबाईंची कॉफीहि तशीच झाली. एवढ्यानें आमचे डोळे उघडावयास हवे होते. परंतु ‘तिचा अजून हात बसला नाहीं’ अशी आम्हीं समजूत करून घेतली! पुढें दिवाळींत मातुश्री चार दिवस पेठेंत आमच्या भगिनीकडे राहिल्या. जातांना येथील पूड बरोबर नेली होती. रसायनशास्त्र शिकणारा आमचा पुतण्या त्यांस आणावयास गेला, तो परत येतांच म्हणाला, “काका, आजीनें आत्याकडे आपल्याच पुडीची कॉफी केली, आणि ती अगदीं वाड्यांतल्यासारखी झाली. तिथें नळाला धरणाचें पाणी आहे. दोष हाताचा नाहीं, पाण्याचा आहे.”

मग त्यानें आम्हांस समजावून दिलें तें असें. पाण्यांत विरघळलेले कॅल्शियम व मॅग्नेशियम पुडींतील स्वादद्रव्यें ओढून घेण्यास साह्य करतात. इंग्लंडांतील बाथ विद्यापीठाचे ख्रिस्तोफर हेंडन व त्यांचे सहकारी यांनीं २०१४ सालीं गणितानें दाखविलें कीं, यांत मॅग्नेशियमची पकड विशेष घट्ट असते. उलट बायकार्बोनेट कॉफींतील आम्लांस मारतें. तें फार झालें तर चव सपक. मुळींच नसलें तर आम्ल मोकाट. दख्खनच्या काळ्या कातळांत मुरलेलें पाणी हीं सर्व द्रव्यें घेऊन वर येतें, आणि आर. ओ. यंत्र तीं जवळजवळ सर्व काढून टाकतें. म्हणजे आम्ही एका टोंकाहून थेट दुसऱ्या टोंकास गेलों होतों!

उपाय सोपा निघाला. एका बाटलींत लिटरभर यंत्राच्या पाण्यांत खाद्य प्रतीचें एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, २० ग्रॅम विरघळवावें; दुसरींत तितक्याच पाण्यांत खाण्याचा सोडा पावणेसात ग्रॅम. दोन्ही एकत्र करून ठेवूं नयेत, सांका बसण्याचा संभव असतो. कॉफीसाठीं यंत्राचें एक लिटर पाणी घेऊन त्यांत प्रत्येक बाटलींतील दहा दहा मिलिलिटर घालावें. लिटरमागें क्षार पडतो तो एकूण पाव ग्रॅमहून थोडा अधिक. तरीहि मूत्रपिंडाचा विकार असणारांनीं डॉक्टरांस विचारूनच हा प्रयोग करावा. दूध घातल्यावर फरक कमी जाणवतो, म्हणून पारख आधीं नुसत्या डिकॉक्शनवर करावी.

पुतण्यानें बोअरच्या, यंत्राच्या व क्षार घातलेल्या पाण्याचें डिकॉक्शन तीन पेल्यांत ओतून, कांहीं न सांगतां, मातुश्रींपुढें ठेवलें. तिसऱ्याचा घोट घेऊन त्या क्षणभर थांबल्या. “हें आपल्या वाड्यांतलें,” एवढेंच म्हणाल्या.

आम्हीं क्षमा मागितली. पुष्कळ बोलावयाचें मनांत होतें, पण त्यांनीं पुरें करूं दिलें नाहीं. “अरे, पाण्यांत काय घालावयाचें तें तुम्ही शिकलेल्या मुलांनीं शोधलेंत, फार चांगलें केलेंत. पण पाणी वेगळें आहे हें मी पहिल्याच दिवशीं म्हणालें होतें. तेव्हां विचारलें असतेंस, तर चार वर्षें वांचलीं असतीं.”

आतां फिल्टर पुनः त्यांच्याकडे आहे. सूनबाई शेजारीं बसून शिकतात. घरोघरीं वडील माणसांच्या हातची चव ‘गेली’ असें हल्लीं वारंवार ऐकूं येतें. तसें म्हणण्यापूर्वीं घरांत आणखी काय बदललें, हें एकवार पाहावें, आणि तें त्यांनाच आधीं विचारावें, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.