ताप उतरला म्हणजे बरं झालं?

कोरोनातून उठून आठव्याच दिवशी आमच्या वस्तीतला पोरगा पोलीस भरतीच्या १६०० मीटरचा सराव करायला मैदानात उतरला. छातीत दुखलं, धाप लागली. सगळे म्हणाले, अशक्तपणा! ईसीजी आणि ट्रोपोनिनच्या तपासणीनंतर कळलं, हृदयाच्या स्नायूला सूज आलीय. कोरोना, फ्लूनंतर तरुणांनाही हे होतं. क्वचित, पण दुर्लक्ष केलं तर जीवावर बेततं. डॉक्टरांनी ३ ते ६ महिने पळणं आणि जड काम बंद सांगितलं. बरोबरच आहे. पण कंत्राटी सफाई कामगाराने विश्रांती घ्यायची कुणाच्या जिवावर? बाबासाहेब मजूरमंत्री असताना कामगारांच्या आरोग्य विम्याची पायाभरणी झाली, १९४८ ला ईएसआय कायदा आला. विमा भरलेला असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं. याचा भरलाय का, कंत्राटदाराला विचारलं. ‘बघतो’ म्हणाला. महिना झाला, अजून बघतोच आहे.