न दिसणारे दुखणे

आमच्या आदिलाबादची थंडी तेलंगणात प्रसिद्ध आहे. केसलापूरच्या नागोबा जत्रेहून परतलेली मंडळी तिचे वर्णन कौतुकाने करतात. माझ्या एका गोंड सहकाऱ्यांना मात्र तिची धास्ती वाटते. त्यांना सिकलसेल आहे. त्यांच्या संमतीनेच हे लिहितो आहे.

या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या व ताठ होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. निरोगी पेशी सुमारे 120 दिवस जगते. ही 10 ते 20 दिवसांतच मरते. त्यामुळे थकवा कायमचाच. थंडी, ताप, अतिश्रम, उन्हाळ्यात पाणी कमी पडणे, काहीही निमित्त पुरते आणि हाडांत असह्य कळा उठतात. कळा ओसरल्या की माणूस पुन्हा चारचौघांसारखा दिसतो, आणि तिथेच त्याची पंचाईत होते. दिवाळीत दंडारीला ढोल वाजवणारा माणूस चार दिवसांनी रजेचा अर्ज देतो, तेव्हा स्टाफरूममध्ये मराठीत आणि तेलुगूत एकच कुजबुज होते, "परवा तर ठणठणीत होते!" हातात कुबडी असती तर कुणी असे म्हटले नसते.

1995 च्या अपंग कायद्यातील सात प्रकारांत हा आजार नव्हता. 2016 च्या कायद्याने 21 प्रकार मानले. त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाही आले. नोकरीच्या आरक्षणात या रक्तविकारांना वाटा नाही. परंतु अपंग कर्मचाऱ्याला आवश्यक त्या वाजवी सोयी देणे सरकारी आस्थापनेवर बंधनकारक आहे. तरीही माणूस बोलायला धजत नाही. घरात बहिणीचे लग्न जमायचे असते. जमातीला नावे ठेवतील, हीही भीती असते.

आमच्या शाळेत केले ते थोडेच. त्यांचे वर्ग तळमजल्यावर घेतले. हिवाळ्यात त्यांना पहिला तास दिला नाही. तो दुपारी भरून निघतो. बसून शिकवायला, मध्येच पाणी प्यायला कुणाला विचारायचे नाही. हे सारे वेळापत्रकातच बसवले, कारण न लिहिता. कारण कुणाला सांगायचे, हे त्यांनी ठरवायचे. रोज मागून घ्यावी लागणारी सवलत उपकारासारखी बोचते. वेळापत्रकातली तशी बोचत नाही.

2023 च्या जुलैत सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. तपासण्या वाढतील तशी आपल्या शेजारच्या खुर्चीवरच्या आणखी काहींना आपल्या दुखण्याचे नाव कळेल. औषधपाणी डॉक्टर पाहतील. आपण त्यांच्याकडून दर वेळी वेदनेचा पुरावा मागू नये.