साहेबांचा ड्रायव्हर

शीर्षक वाचून तुमच्या डोळ्यासमोर गाडीचा ड्रायव्हर आला असेल तर त्यात तुमची काही चूक नाही. वयाच्या नवव्या वर्षापर्यंत मलाही ड्रायव्हर म्हणजे जीप चालवणारा माणूस एवढंच माहीत होतं. हा ड्रायव्हर म्हणजे गोल्फची काठी. लांब दांडा, आणि टोकाला मुठीपेक्षा थोडं मोठं, गुळगुळीत लाकडी डोकं. चेंडू सगळ्यात लांब मारायचा असेल तेव्हा वापरतात ती.

मागच्या महिन्यात चंद्रपूरचं घर आवरायला गेलो होतो. आई-बाबा आता पुण्याला आमच्याकडेच राहायला येणार. माळ्यावरून एकेक वस्तू खाली येत होती. पितळी घंगाळ, माझी दहावीची गाईडं, बंद पडलेला रेडिओ... आणि जुन्या चादरीत गुंडाळलेला हा ड्रायव्हर.

"हे कोणं खेळते आता? दे भंगारवाल्याले," आई म्हणाली.

बाबा काहीच बोलले नाहीत. आमच्याकडे बाबा काही बोलले नाहीत की समजायचं, विषय गंभीर आहे.

मग मी तेच केलं जे आपल्यापैकी कुणीही करेल. फोटो काढला आणि नेटवर किंमत शोधायला बसलो. २००७ साली न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात अठराव्या शतकातला एक लाकडी पटर १ लाख ८१ हजार डॉलरला गेला होता! पाच मिनिटं मी मनातल्या मनात होमलोन फेडून टाकलं. नंतर कळलं की आमच्यासारखे ड्रायव्हर विसाव्या शतकात ढिगाने बनले, त्यामुळे त्यांना फारसं कुणी विचारत नाही. त्यात आमचा तर दुरुस्त केलेला. म्हणजे बाजाराच्या हिशेबाने जवळपास शून्य.

पण त्या नादात वाचत गेलो आणि मजा वाटायला लागली. पूर्वी गोल्फच्या काठ्यांना नंबर नव्हते, नावं होती. मॅशी, निब्लिक, ब्रॅसी, स्पून. दांडे हिकरी नावाच्या अमेरिकन झाडाचे. पोलादी दांड्याला अमेरिकेत १९२४ साली आणि ब्रिटनमध्ये १९२९ साली परवानगी मिळाली. तरीही १९३० साली बॉबी जोन्सने एकाच वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या त्या हिकरीच्या दांड्यांनीच. मग पोलादी दांडे आले, काठ्यांचे संच आले आणि नावं जाऊन नंबर आले. कॉलनीतल्या क्वार्टरसारखे.

डोकं मात्र लाकडाचंच राहिलं. पर्सिमॉन नावाचं लाकूड. इतकं घट्ट की कापडगिरण्यांमधले धोटे याचेच करत. ठोकळा वाळवायचा, घडवायचा, जवसाच्या तेलात मुरवायचा, आत शिसं ओतून वजन साधायचं, खाली पितळी पट्टी, आणि मानेला दोरा गुंडाळायचा. १९७९ साली टेलरमेड कंपनीने धातूचं डोकं बाजारात आणलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत लाकूड संपलं. १९९३ ची मास्टर्स बर्नहार्ड लँगरने पर्सिमॉनच्या ड्रायव्हरने जिंकली. त्यानंतर तसं कुणी जिंकलं नाही. तरी या काठ्यांना अजूनही 'वुड'च म्हणतात. आपण नाही का, सेव्ह करायला अजून फ्लॉपीचंच चित्र दाबतो :)

तर आमचा ड्रायव्हर. बाबा एका कारखान्याच्या पॅटर्न शॉपमध्ये होते. ओतकामासाठी जो सुटा भाग हवा असेल त्याचा आधी लाकडी नमुना करतात, तो वाळूत दाबून साचा घेतात आणि त्या साच्यात धातू ओततात. तो लाकडी नमुना करणारे बाबा. कॉलनीच्या मागच्या पडीक मैदानावर चार-पाच साहेब लोक गोल्फ खेळत. गवत उगवायचं नाही, म्हणून भोकाभोवती तेल शिंपडलेली वाळू. तिला ते ग्रीन न म्हणता 'ब्राउन' म्हणायचे. त्यांतल्या एका साहेबांनी हा ड्रायव्हर कलकत्त्याला घेतला होता, तरुणपणी.

आता चंद्रपूरचा मे महिना. पारा ४७-४८ वर. त्या कोरड्या उन्हात भली भली लाकडं तडकतात, हेही तडकलं. चेंडू लागतो त्या जागी बसवलेला तुकडा निघून पडला आणि मानेचा दोरा सैल झाला. साहेब काठी घेऊन स्वतः आमच्या क्वार्टरवर आले. १९८६ ची गोष्ट. "मिस्त्री, होईल का काही?"

बाबांनी आधी वॉर्निश खरवडलं. खालून फिकट, मलईच्या रंगाचं लाकूड निघालं आणि त्यात एक काळी रेघ. बाबा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. नखाने टोचून पाहिलं, वास घेतला. मग म्हणाले, "हे तर टेंभराचं लाकूड दिसून रायलं."

बाबांचं लहानपण गडचिरोलीत, धानोऱ्याकडे गेलं. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हाही नव्हता, तो झाला १९८२ ला. टेंभुर्णी म्हणजे तेंदूचं झाड. मे महिन्यात पहाटे उठून घरातले सगळे जंगलात पानं तोडायला जात. घरी आणून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे. येताना पिकलेली टेंभरं खायची. कच्चं खाल्लं तर जीभ आखडून जाते. तेंदूचं लाकूड बाहेरून फिकट असतं, आणि झाड जुनं झालं की गाभा काळाकुट्ट, लोखंडासारखा. त्या गाभ्याचा एक तुकडा बाबांच्या पेटीत गावाकडून आणलेला पडून होता. त्यांनी तोच पटाशीने, कानसीने घडवून ड्रायव्हरच्या तोंडात बसवला. दोन रविवार लागले. साहेब पुढे तीन वर्षं त्याच ड्रायव्हरने खेळले. बदली झाली तेव्हा तो बाबांच्या हातात देऊन म्हणाले, "यात आता अर्धं काम तुमचंच आहे."

इथे मला एक कबुली द्यायची आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मी सुट्टीत घरी आलो होतो. पाहुण्यांसमोर बाबा हीच गोष्ट सांगत होते, "लाकूड आपल्या टेंभराचंच हाय." मी लायब्ररीत कुठेतरी वाचलेलं होतं. सगळ्यांसमोर म्हणालो, "बाबा, ते पर्सिमॉन आहे. अमेरिकेतलं झाड. तेंदूचा काय संबंध?" बाबा म्हणाले, "असंल बा." आणि विषय बदलला. त्यानंतर ती गोष्ट त्यांनी माझ्यासमोर कधी सांगितली नाही. काठी माळ्यावर गेली ती बहुतेक तेव्हाच.

परवा किंमत शोधता शोधता पर्सिमॉनचं शास्त्रीय नाव समोर आलं. डायोस्पायरॉस व्हर्जिनियाना. हे पहिलं नाव कुठेतरी पाहिल्यासारखं वाटलं, म्हणून तेंदू शोधला. डायोस्पायरॉस मेलानोझायलॉन. मेलानोझायलॉनचा अर्थच काळं लाकूड. आबनूसही त्याच कुळीतला. म्हणजे सख्खे नाही तरी चुलत भाऊ. फिकट लाकूड, काळा गाभा, आखडणारं कच्चं फळ, सगळं घराणं एकच. मला जे कळायला पंचवीस-तीस वर्षं आणि ब्रॉडबँड लागलं, ते बाबांना नखाने आणि नाकाने पाच मिनिटांत कळलं होतं.

स्क्रीन त्यांच्यासमोर धरली. "बाबा, तुमचं बरोबर होतं. एकाच जातीची झाडं आहेत."

त्यांनी चष्मा वर केला, वाचल्यासारखं केलं. "मग? मी काय म्हटलं होतं?" बस्स, एवढंच. मी माफी वगैरे मागणार होतो, तर तोवर ते चहा घ्यायला आत निघून गेले होते.

ड्रायव्हर आता पुण्यात आमच्या हॉलमध्ये आहे. एकाच डोक्यात दोन चुलत भाऊ, मधे केसाएवढी फट. बाबांचे हात आता थरथरतात, पटाशी सुटून पाच-सहा वर्षं झाली. पण आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी काठी मांडीवर घेतली आणि त्या फटीवरून अंगठा फिरवत बसले. मग बायकोला विचारलं, "सूनबाई, घरात जवसाचं तेल आहे का वो?"

आमच्याकडे ऑलिव्ह ऑइल होतं. बाबांनी बाटली हातात घेऊन वाचली आणि परत दिली.

आता उठतो. जवसाचं तेल आणायला चाललोय. बघू, हिंजवडीत मिळतं का.